दास, धनी आणि सरकार

मराठी मुलखात रोमच्या गुलामांचा सर्वांत खोल विचार कोणी केला असेल, तर तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. इतिहासाची हौस हे त्याचे कारण नव्हते. लाला लजपत राय यांनी १९२८ साली ‘अनहॅपी इंडिया’ लिहिले आणि त्यात असा बचाव मांडला, की अस्पृश्यता वाईट खरी, पण अमेरिकेतल्या गुलामगिरीइतकी वाईट नव्हे. हा बचाव तपासायला बाबासाहेब थेट रोमला गेले. आर. एच. बॅरो यांचे ‘स्लेव्हरी इन द रोमन एम्पायर’ त्याच वर्षी निघाले होते. त्यातला तपशील त्यांनी वाचकांपुढे मांडला : रोमचा गुलाम वैद्य होता, शिक्षक होता, धन्याचा हिशेब आणि ग्रंथसंग्रह सांभाळत होता. कायद्याने तो वस्तू, पण समाजाने त्याला माणसाची कामे करू दिली. आपला अस्पृश्य कायद्याने माणूस, पण समाजाने त्याला ती कामे करू दिली नाहीत. शिवाय गुलाम आजारी पडला तर धन्याचे पैसे बुडत, म्हणून का होईना, त्याची काळजी घेणारे कोणी तरी होते. अस्पृश्य जगला काय, मेला काय, कुणाचेच काही बुडत नव्हते. हे लेखन त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात, १९८९ साली, छापून आले.

हे पुस्तक त्या लेखनाचे ऋणी आहे, आणि त्याच लेखनाशी त्याचे एक भांडणही आहे. बाबासाहेबांच्या हाती जे रोम आले ते प्रामुख्याने आरंभीच्या सम्राटांचे आणि शहरातले होते. सुशिक्षित गुलाम, पैसा साठवून सुटका विकत घेणारे गुलाम, मुक्त झाल्यावर श्रीमंत झालेले गुलाम त्यात ठळक दिसतात, कारण मागे शिलालेख ठेवण्याची ऐपत त्यांचीच होती. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत चित्र पालटले. मोझेस फिन्ली यांनी १९८० साली विचारले, की प्राचीन गुलामगिरीला सौम्य ठरवण्याची आपल्याला एवढी गरज का वाटते? दोन वर्षांनी ऑर्लँडो पॅटर्सन यांनी जगभरच्या गुलामगिऱ्या शेजारी ठेवून दाखवले, की मालकी हे गुलामगिरीचे वरवरचे लक्षण आहे. तिचा गाभा असा, की माणसाला आईबाप, गाव, कूळ यांपासून तोडून टाकायचे आणि मग त्याचे जगणे एकाच माणसाच्या मर्जीवर टांगायचे. आणि २०११ साली काइल हार्पर यांनी इ. स. २७५ ते ४२५ या दीडशे वर्षांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथामुळेच या पुस्तकाला दिशा मिळाली.

हार्पर यांच्या आधी शाळेपासून विद्यापीठापर्यंत जी गोष्ट सांगितली जाई ती थोडक्यात अशी. रोमच्या विजयी लढाया थांबल्या, युद्धकैदी येईनासे झाले, गुलाम महागले. जमीनदारांनी गुलामांऐवजी कुळे बसवली. त्यातच ख्रिस्ती धर्म आला, धन्यांची मने निवळली आणि गुलामगिरी हळूहळू आपोआप विरली. हार्पर यांनी इजिप्तच्या पपायरसांवरचे करार, कायद्यांचे संग्रह आणि धर्मगुरूंची प्रवचने चाळून काढली आणि सांगितले, की चौथ्या शतकात गुलामगिरी जोमात होती. साम्राज्यातला दहांतला एक माणूस गुलाम असावा, म्हणजे जवळपास ५० लाख. हा आकडा अंदाजाचाच आहे आणि त्यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण गुलाम केवळ महालांत नव्हते, बऱ्या स्थितीतल्या साध्या घरांतही एखाद-दुसरा असे, हे त्यांनी दाखवलेले मला पटते. ती व्यवस्था ओसरली तीही दयेमुळे ओसरली नाही. पाचव्या शतकात पश्चिमेकडे शहरे, बाजार आणि धनिकांची मिळकत यांचा डोलारा कोसळला, तेव्हा गुलाम विकत घेणारे उरले नाहीत.

दयेचा मुद्दा इथे नीट बघायला हवा, कारण आपल्याकडेही तो सारखा पुढे येतो. अंटिऑक आणि नंतर कॉन्स्टँटिनोपल इथे प्रवचने करणारा जॉन ख्रिसोस्टम हा मोठा कळवळ्याचा धर्मगुरू. एका प्रवचनात तो श्रोत्या स्त्रियांना सुनावतो, की तुम्ही दासीला उघडी करून खाटेला बांधता, मारता, आणि तिचा आक्रोश रस्त्यावरून जाणाऱ्यांना ऐकू येतो. याची त्याला लाज वाटते. पण दासी ठेवूच नये, असे तो तिथे सांगत नाही. मार बेताने असावा, एवढेच त्याचे मागणे. त्या काळात निसाचा ग्रेगरी हा एकच असा निघाला, की ज्याने मूळ मालकीवरच बोट ठेवले आणि विचारले, की देवाने स्वतःच्या प्रतिमेत घडवलेल्या माणसाचे मोल कोणत्या नाण्यात करणार?

मोल मात्र झालेले होते, आणि तेही सम्राटाच्या सहीने. डायोक्लेशनने इ. स. ३०१ मध्ये वस्तूंच्या कमाल किमती ठरवणारा हुकूम काढला. तो दगडांवर कोरून गावोगाव लावला गेला आणि त्याचे तुकडे आजही सापडतात. धान्य, तेल, कापड, चपला, केस कापण्याची मजुरी, सगळ्यांचे दर त्यात आहेत, आणि त्याच यादीत गुलामांचेही आहेत, वयानुसार आणि स्त्री-पुरुषानुसार. १६ ते ४० वर्षांचा पुरुष : ३०,००० दिनार. त्याच वयाची बाई : २५,०००. त्याच हुकुमात शेतमजुराची रोजची मजुरी, जेवण धरून, २५ दिनार आहे. म्हणजे एक तरणा पुरुष १,२०० दिवसांच्या मजुरीला, एक बाई १,००० दिवसांच्या मजुरीला. यादी करणाऱ्या कारकुनाचा हात त्या ओळीपाशी थबकला असेल असे मला वाटत नाही.

दुसरी एक वस्तू रोमच्या संग्रहालयात आहे. लोखंडी गळपट्टा, त्याला लोंबणारी एक चकती. चकतीवर कोरले आहे, की मी पळालो आहे, मला धरा. माझा धनी झोनिनस याच्याकडे मला परत कराल तर एक सोन्याचे नाणे मिळेल. असे पट्टे चाळीसच्या आसपास सापडले आहेत, बहुतेक चौथ्या-पाचव्या शतकातले, काहींवर ख्रिस्ताची चिन्हे. चकतीवर धन्याचे नाव आहे, बक्षिसाची रक्कम आहे. ज्याच्या गळ्यात ते रुतले होते त्याचे नाव नाही. आणि वाचणारा कोण? रस्त्यावरचा कोणीही. झोनिनसने एक पट्टा ठोकून सगळ्या शहराला आपला राखणदार केले होते. धन्याच्या एकट्याच्या ताकदीवर गुलामगिरी टिकत नाही. कायदा, नाणे, चौकी आणि शेजारी या सगळ्यांनी तिच्यासाठी राबावे लागते.

याच कारणासाठी मी या पुस्तकाच्या नावात सरकारला जागा दिली. ऑगस्टिनचे एक पत्र योहानेस दिव्याक यांना सापडले आणि १९८१ साली ते जगापुढे आले. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या हिप्पो गावातून लिहिलेले. गलातियाचे व्यापारी टोळ्या पाठवून खेड्यांतली माणसे पळवतात, बंदरात जहाजे भरतात. ऑगस्टिन गावात नसताना त्याच्या मंडळींनी सुमारे १२० माणसे सोडवली. त्यांत आईबापांनी विकलेली मुले अगदी थोडी होती. बाकी बहुतेक उचलून आणलेली. आणि आता त्या व्यापाऱ्यांचे बडे पाठीराखे सोडवलेली माणसे परत मागत आहेत. ऑगस्टिनसारख्या बिशपलाही या पाठीराख्यांशी झगडावे लागत होते.

एवढे रोम मी इथे आणले ते रोमसाठी नव्हे. ‘आमच्याकडे गुलामगिरी नव्हतीच’ हे वाक्य फार जुने आहे. मेगॅस्थेनिसच्या नावावर ते पहिल्यांदा सापडते. कौटिल्याने दासांवर अख्खे प्रकरण लिहिले आहे, मनुस्मृतीत दासांचे सात प्रकार आहेत, नारदस्मृतीत पंधरा. तरी वाक्य टिकले. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपल्या पुस्तकाला ‘गुलामगिरी’ हेच नाव दिले आणि ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले, तेव्हा अनेकांना ती अतिशयोक्ती वाटली. शरद पाटलांनी दास आणि शूद्र यांचा माग काढला, तेव्हाही चर्चा प्राचीन काळाचीच झाली. अठराव्या शतकाकडे, म्हणजे आपल्या खापरपणजोबांच्या काळाकडे, सामान्य वाचकाची नजर वळलीच नाही.

वळायला हवी होती, कारण पुरावा मोडीत आहे, मराठीत आहे आणि बराचसा छापलेला आहे. गणेश चिमणाजी वाड यांनी सातारकर छत्रपती आणि पेशवे यांच्या रोजनिशीतून काढलेले उतारे विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झाले. त्यांत पानोपानी कुणबीण भेटते. विदर्भातल्या वाचकासाठी सांगतो, ही कुणबी जातीची बाई नव्हे. दप्तरात कुणबीण म्हणजे विकत घेतलेली, बक्षीस मिळालेली किंवा सरकारजमा झालेली दासी. सुमित गुहा, व. शं. कदम, उमा चक्रवर्ती या अभ्यासकांनी या नोंदी वाचून दाखवल्या आहेत आणि त्यांच्या कामाचा मला पदोपदी आधार झाला.

ही बाई कुठून येई? दुष्काळात आईबापांनी विकलेली, लढाईत धरलेली, लमाणांच्या तांड्याबरोबर लांबून आलेली. आणि एक वाट थेट सरकारची. बदकर्माचा आरोप ज्या बाईवर शाबीत होई, तिला सरकार दासी करी आणि किल्ल्यावर किंवा कोठीवर पाठवी. तिथे दळण, कांडण, शेणगोठा, पाणी. पुरुषाला बहुधा दंड भरून सुटता येई. शिक्षा जातीप्रमाणे बदले. म्हणजे न्यायाची चौकी आणि दासींचा पुरवठा हे एकाच घराचे दोन दरवाजे होते. खरेदी-विक्रीवर जकात होती, पळालेली कुणबीण शोधून परत करण्याचे हुकूम निघत, आणि घरात पाणी भरायला आणायची तर ती कोणत्या जातीची, हे आधी विचारले जाई. बाबासाहेबांनी जे दोन वेगळे तराजू केले, एकात गुलाम आणि दुसऱ्यात अस्पृश्य, ते पुण्याच्या एखाद्या वाड्यात एकाच उंबऱ्यावर ठेवलेले दिसतात. माझे भांडण आहे ते इथे. ‘जास्त वाईट काय’ हा प्रश्न लजपत रायांनी लादला होता आणि त्याला उत्तर देणे बाबासाहेबांना भाग होते. आपल्याला तो प्रश्न सोडून देता येतो. कायद्याच्या पोटात शिरून समाज प्रत्यक्ष काय करतो ते बघायचे, ही त्यांची रीत मात्र सोडता येत नाही.

या नोंदींत कुणबिणीचे नाव सापडते, किंमत सापडते, ती कोणाकडून कोणाकडे गेली ते सापडते. तिची आई कोण, हे सहसा सापडत नाही. पॅटर्सन ज्याला गाभा म्हणतात तो हाच, आणि मोडीच्या एका ओळीत तो दिसतो. ‘पण तिला घरच्यासारखे वागवत’ असे सांगणारे पुष्कळ भेटतील. वागवत असतीलही. ख्रिसोस्टमच्या श्रोत्या बायकांपैकी काही जणींनी दासीला कधी हात लावला नसेल. धनी बदलला की ती चांगली वागणूकही बदलते, आणि धनी कधी बदलायचा हे तिच्या हाती नसते.

सरकार वेगळे वागू शकते, याचाही दाखला आहे. शिवाजी महाराजांनी १६७७ च्या दक्षिण मोहिमेत डचांना जो कौल दिला, त्यात माणसे विकत घेण्याची जी मोकळीक त्यांना पूर्वीच्या अमलात होती, ती आता मिळणार नाही असे बजावले. डच त्या किनाऱ्यावरून गुलाम नेत, आणि त्यात त्यांचा मोठा फायदा होता. हा कौल आणि शंभर वर्षांनंतरच्या पेशवाईतल्या जकातीच्या नोंदी शेजारी ठेवल्या, की ‘त्या काळी असेच चालायचे’ ही सबब टिकत नाही.

मग कोणी मलिक अंबरचे नाव घेतो, आणि ते घ्यायलाच हवे. हबशी मुलूख, तांबड्या समुद्रापलीकडचे बाजार, बगदाद आणि मग अहमदनगर : एवढे हात बदललेला हा गुलाम निजामशाहीचा कर्ता झाला. त्याला विकत घेणारा चंगेजखान, निजामशाहीचा पेशवा, स्वतः एके काळी हबशी गुलामच होता. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर अंबराने नवा निजामशहा गादीवर बसवून राज्य पुढे पाव शतक लढते ठेवले. १६१० मध्ये खडकी वसवली, १६२४ मध्ये भातवडीची लढाई जिंकली, आणि १६२६ मध्ये तो वारला. शहाजीराजे भातवडीला त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथे पडले. गुलाम एवढा चढत असेल तर गुलामगिरीला काय नावे ठेवायची, असा या प्रश्नाचा रोख असतो.

उत्तरकालीन रोमकडे याचे उत्तर आहे. युट्रोपियस हा अनेक धन्यांच्या हातून गेलेला, खच्ची केलेला गुलाम. तो सम्राट आर्केडियसचा मुख्य कारभारी झाला आणि ३९९ साली चक्क कॉन्सल. त्याच वर्षी तो पडला. आसऱ्यासाठी ख्रिसोस्टमच्याच चर्चमध्ये धावला, आणि पुढे मारला गेला. राजाला असा माणूस हवा असतो, कारण त्याच्या मागे भाऊबंद नाहीत, वतन नाही, जात नाही. त्याचे सगळे बळ राजाच्या कृपेतून येते. ज्या तुटलेपणामुळे कुणबीण निराधार होते, त्याच तुटलेपणामुळे हबशी सरदार उपयोगी ठरतो. अंबर मोठा माणूस होता आणि त्याच्या कर्तबगारीपुढे मी मान लववतो. त्याचे थडगे, त्याचे कालवे आणि त्याची जमाबंदी लोक सांगतात. त्याच्याबरोबर विकल्या गेलेल्या इतर मुलांचे काय झाले, ते सांगायला कोणी नाही.

आता आमच्या मुलखाकडे. बालाघाटहून लांजीकडे जाताना किरनापुर लागते. धानाचा मुलूख, वैनगंगा आणि बाघ या नद्यांचे खोरे; पोवार, लोधी, मरार, गोंड यांची गावे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथे होता, १८५४ मध्ये तो इंग्रजांनी खालसा केला, १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा झाला. १९५६ मध्ये विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही अलीकडे राहिलो. शेजारचा भंडारा म्हणजे बाबासाहेबांनी १९५४ ची पोटनिवडणूक जिथून लढवली आणि हरले, तो मतदारसंघ.

ब्रिटिश हिंदुस्थानात १८४३ च्या कायद्याने न्यायालयांना सांगितले, की गुलामावरचा मालकी हक्क यापुढे मानू नका. गुलाम बाळगणे हा गुन्हा त्या कायद्याने ठरवला नाही. माणूस गुलाम म्हणून विकत घेणे-देणे दंडनीय झाले ते १८६२ पासून, दंडसंहिता लागू झाल्यावर. तोवर आमच्याकडे मालगुजारी येऊ घातली होती. जमीन मालगुजाराची, धान रोवायला माणसे हवीत, आणि माणसे बांधायला आता विक्रीखताची गरज नव्हती. उचल पुरेशी होती. पाडव्याच्या नाही तर अक्षय तृतीयेच्या सुमारास सालगड्याचे साल ठरे. वर्षाचे धान, एखादे धोतर, पायताण. लेकीच्या लग्नाला धनी उचल देई. वर्ष सरे, उचल फिटत नसे. साल पुढे चाले, आणि बाप थकला की पोरगा त्याच धन्याच्या बैलांमागे उभा राही. सगळेच सालगडी असे अडकलेले नव्हते; चांगले साल ठरवून, फेडून, दुसऱ्या वर्षी धनी बदलणारेही होते, आणि त्यांना या पंक्तीत बसवणे अन्यायाचे होईल. कसोटी एकच : उचल न फेडता त्याला गाव सोडता येत होते का?

कॉन्स्टंटाइनने ३३२ साली हुकूम काढला, की जी कुळे पळण्याच्या बेतात असतील त्यांना गुलामांसारखे बेड्यांत घालावे आणि स्वतंत्र माणसाची म्हणून जी कामे आहेत ती त्यांच्याकडून तशी करून घ्यावीत. पुढे ५३० साली जस्टिनियनच्या कायद्याने स्वतःच विचारले, की जमिनीला जखडलेले कूळ आणि गुलाम यांत फरक तो काय राहिला, दोघेही धन्याच्याच ताब्यात. हे दोन हुकूम मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला रोम दिसले नाही, बांध्यांमधली माणसे दिसली.

मालगुजारी १९५१ मध्ये गेली. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ मध्ये झाला, आणि त्यातले एक कलम मला फार मोलाचे वाटते. मजुराने कर्ज वेठीचे आहे असे म्हटले, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर. शतकानुशतके कागद धन्याच्या बाजूने बोलत आला होता. इथे पहिल्यांदा गप्प बसलेल्या माणसाचे तोंडी बोलणे कागदापेक्षा जड धरले गेले. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एशियाड बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात म्हटले, की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणे हीसुद्धा सक्तीचीच मजुरी, कारण भूक हीसुद्धा सक्ती आहे. आणि १९८४ मध्ये त्याच न्यायालयाला मध्य प्रदेश सरकारला बजावावे लागले, की फरिदाबादच्या दगडखाणींतून सोडवून आणलेल्या छत्तीसगड भागातल्या मजुरांचे पुनर्वसन करा. नुसते सोडवून घरी आणून टाकले तर ते पुन्हा त्याच उचलीत जातील. आजही दिवाळीनंतर आमच्या भागातली कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघतात. घरातून निघण्याआधी हातात उचल असते.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. रोमचा भाग मोठा, कारण तिथले काम झालेले आहे आणि मराठीत ते आलेले नाही. कुणबिणींचा भाग त्याच्या निम्मा. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या सालाचा भाग सर्वांत लहान झाला आहे, कारण सालाचे व्यवहार ज्या वह्यांत लिहिले जात त्या जुन्या घरांच्या माळ्यांवर पडून आहेत, आणि घर पाडताना त्या रद्दीत जातात. तुमच्या घरी अशा वह्या असतील तर त्या रद्दीत देऊ नका, विकू नका. पाने फोनवर टिपून ठेवा आणि कोणाला तरी वाचायला द्या. आपल्या आजोबांची बदनामी होईल अशी भीती मला अनेकांच्या बोलण्यात जाणवली. त्या वह्यांत आजोबांचे नाव एकदाच, मुखपृष्ठावर असते. आतली सगळी पाने दुसऱ्यांच्या नावांची असतात, आणि त्या दुसऱ्यांच्या नातवंडांनाही आपल्या माणसांची नावे वाचायची आहेत.

किरनापुर, जि. बालाघाट